एअरपोर्ट कुणाचा, चालवतं कोण, आणि "इंटरनॅशनल" म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातले सगळे एअरपोर्ट सरकारचेच असतात ना?

बहुतेक आहेत, पण सगळे नाहीत, आणि जे सरकारी आहेत ते पण एकाच खात्याचे नाहीत. आपल्या महाराष्ट्रातच बघा ना. कोल्हापूर आणि जुहू हे एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाचे, म्हणजे एएआयचे. शिर्डी आणि अमरावती राज्य सरकारच्या एमएडीसी कंपनीचे. नाशिकचं ओझर एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं, पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. चिपी एमआयडीसीने खासगी कंपनीकडून बांधून घेतलेलं, आणि मुंबईत अदानीची 74 टक्के असलेली कंपनी बसलीये. एकाच राज्यात एवढे मालक आहेत, त्यामुळे "एअरपोर्टवाले ऐकत नाहीत" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, की नेमकं कुठलं एअरपोर्ट आणि त्यातली नेमकी कुठली गोष्ट.

मग एएआय काय करतं?

एएआय 1 एप्रिल 1995 ला झालं. त्याआधी दोन संस्था होत्या, मोठ्या इंटरनॅशनल एअरपोर्टसाठी एक (1972 पासून) आणि बाकी सगळ्यांसाठी दुसरी (1986 पासून), त्या दोघींना एकत्र करून 1994 च्या कायद्याने ही एक संस्था बनवली. तिच्याकडे आज देशातले सव्वाशेच्या वर एअरपोर्ट आहेत, त्यातले कित्येक असे की जिथे महिनोन्महिने शेड्यूल्ड फ्लाइट येत नाही, तरी रनवे, कुंपण, गवत कापणं सगळं सांभाळावं लागतं. आणि लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल. एअरपोर्ट खासगी असलं तरी टॉवरमध्ये बसलेला कंट्रोलर एएआयचाच असतो. मुंबई, नवी मुंबई, गोव्याचं मोपा, बेंगळुरू, सगळीकडे हेच. अपवाद फक्त लष्करी धावपट्ट्यांचा आणि एचएएलसारख्यांचा, तिथे टॉवर त्यांचा स्वतःचा.

डीजीसीए, बीसीएएस, एरा, सीआयएसएफ... ही सगळी वेगवेगळी आहेत का?

हो, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. डीजीसीए लायसन्स देतं, म्हणजे रनवे, लाइट, फायरचा बंदोबस्त नियमात आहे का ते बघतं. आधी हे 1934 च्या एअरक्राफ्ट अ‍ॅक्टखाली चालायचं, आता 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. बीसीएएस सिक्युरिटीचे नियम बनवतं. 1976 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान हायजॅक झालं, त्यानंतर 1978 मध्ये डीजीसीएच्या आतच त्याचा एक सेल सुरू झाला, मग 1985 ला एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट झाला आणि 1987 मध्ये त्याला स्वतंत्र खातं केलं. एरा म्हणजे दर ठरवणारी अथॉरिटी, 2008 च्या कायद्याने आलेली. सीआयएसएफ म्हणजे गेटवर तिकीट-ओळखपत्र बघणारे आणि आत अंगझडती घेणारे जवान, ते 2000 सालापासून एअरपोर्टवर आले, आधी जयपूरला, कारण डिसेंबर 1999 मध्ये कंदहारचं विमान अपहरण झालं होतं. त्याआधी राज्याचे पोलीस असायचे, आणि बऱ्याच छोट्या ठिकाणी अजूनही असतात.

कस्टम्स आणि इमिग्रेशन परत वेगळे, एक अर्थ मंत्रालयाकडे आणि एक गृह मंत्रालयाकडे. म्हणजे इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास गेला तर त्या काउंटरवर माणसं किती बसवायची हे एअरपोर्ट चालवणाऱ्या कंपनीच्या हातात नसतं. ती फक्त काउंटर बांधून देते.

एअरपोर्टचे प्रकार किती?

कुठल्या कारणासाठी विचारताय त्यावर आहे, कारण एकच यादी नाहीये, पाच-सहा याद्या एकाच वेळी लागू असतात. एएआय वाटणी करतं ती इंटरनॅशनल, कस्टम्स, डोमेस्टिक आणि सिव्हिल एन्क्लेव्ह अशी. डीजीसीएच्या लायसन्समध्ये दोनच प्रकार, पब्लिक यूज आणि प्रायव्हेट यूज, पब्लिक म्हणजे कुठल्याही एअरलाइनला समान अटींवर उतरता आलं पाहिजे आणि प्रायव्हेट म्हणजे मालक आणि त्याने परवानगी दिलेले. एरा बघतं ते मेजर आणि बाकीचे. विमानाच्या साइजप्रमाणे 2बी, 3सी, 4ई असा एक कोड असतो. त्यात परत फायर कॅटेगरी वेगळी आणि लँडिंगची सोय कितीची आहे ते वेगळं. बातम्यांमध्ये हे सगळं एकत्र कालवून "दर्जा मिळाला" एवढंच लिहितात आणि मग लोकांचा गोंधळ होतो.

आमच्या एअरपोर्टला "इंटरनॅशनल" दर्जा मिळाला, आता दुबईची फ्लाइट सुरू होणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

दर्जा देणं हा केंद्र सरकारचा निर्णय असतो, कॅबिनेटसमोर जातो. त्याने होतं काय तर तिथे कस्टम्स, इमिग्रेशन, प्लांट आणि अ‍ॅनिमल क्वारंटाइन, आरोग्य तपासणी यांची कायमची व्यवस्था बसवायचा रस्ता मोकळा होतो. फ्लाइट आणायची की नाही हे एअरलाइन ठरवते, तिला प्रवासी दिसले तर. उत्तर प्रदेशातलं कुशीनगर बघा. जून 2020 मध्ये कॅबिनेटने इंटरनॅशनल जाहीर केलं, ऑक्टोबर 2021 मध्ये उद्घाटन झालं, कोलंबोहून बौद्ध भिक्खूंना घेऊन विमान आलं, फोटो सगळीकडे झळकले. पण त्यानंतर नियमित इंटरनॅशनल सोडा, डोमेस्टिक फ्लाइट टिकवणं पण तिथे अवघड गेलं. रनवे चांगला लांब आहे, टर्मिनल आहे, दर्जा आहे, फक्त फ्लाइट नाहीत.

दुसरी अडचण याच्या उलट. केरळचं कन्नूर 2018 च्या डिसेंबरमध्ये इंटरनॅशनल म्हणूनच सुरू झालं, गल्फला जाणाऱ्यांची गर्दी तिथे आहेच. पण परदेशी एअरलाइनला भारतात कुठल्या शहरात उतरता येईल हे दोन देशांमधल्या करारात लिहिलेलं असतं, त्याला पॉइंट ऑफ कॉल म्हणतात, आणि कन्नूर त्यात बसवलं गेलं नाही. त्यामुळे एमिरेट्स, कतार वगैरे तिथे येऊ शकत नाहीत, फक्त आपल्या भारतीय एअरलाइन्स तिथून परदेशी जातात. म्हणजे दर्जा पण आहे, प्रवासी पण आहेत, आणि तरीही दार अर्धंच उघडलेलं आहे.

म्हणून दर्जाच्या बातमीवर पेढे वाटण्याआधी एवढं विचारा की करारात नाव आहे का, रात्रीची इमिग्रेशन शिफ्ट मंजूर झालीये का, आणि एखाद्या एअरलाइनने स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मागितलाय का.

कस्टम्स एअरपोर्ट म्हणजे काय मग?

पूर्ण इंटरनॅशनल नाही, पण कस्टम्स आणि इमिग्रेशन आहे, त्यामुळे मोजक्या परदेशी फ्लाइट चालतात. तमिळनाडूतलं मदुराई हे नेहमीचं उदाहरण, तिथून कोलंबो-दुबई चालतात आणि तरी तिथल्या लोकांची "आम्हाला इंटरनॅशनल करा" ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. पुणे पण एएआयच्या यादीत बरीच वर्षं कस्टम्स एअरपोर्ट म्हणूनच राहिलंय, आणि तरी तिथून दुबईला लोक जातातच. प्रवाशाला तसा काही फरक कळत नाही.

पुण्याला विमान वाढत का नाहीत? एवढं मोठं शहर!

कारण लोहगावचा रनवे हवाई दलाचा आहे. सुखोई-30 चा तळ आहे तो. एएआयकडे आहे फक्त टर्मिनल आणि त्यासमोर विमान लावायची जागा, यालाच सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. विमानाने पार्किंग सोडून टॅक्सीवेवर चाक ठेवलं की ते हवाई दलाच्या हद्दीत गेलं. टॉवर त्यांचा, स्लॉट ते देणार, रनवेची दुरुस्ती कधी करायची ते पण तेच ठरवणार. ऑक्टोबर 2021 मध्ये रनवेच्या कामासाठी 16 ते 29 तारखेपर्यंत पुण्याची सगळी विमानं बंद होती, चौदा दिवस पूर्ण शहराला एअरपोर्ट नव्हतं. विमानातून फोटो-व्हिडिओ काढायला मनाई करतात ते पण ह्याच कारणाने, आणि ती मनाई सिरियसली घ्या, ते खरंच लष्करी ठाणं आहे.

पुण्याचंच अजून एक सांगतो कारण त्यातून ही सगळी व्यवस्था नीट दिसते. नवीन टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं, प्रवासी आत गेले 14 जुलैला. इमारत उभी, एसी चालू, एरोब्रिज लावलेले, आणि चार महिने कुलूप. एक मोठं कारण होतं सीआयएसएफचं जादा मनुष्यबळ मंजूर व्हायचं होतं ते. टर्मिनल बांधणारं मंत्रालय वेगळं, जवान देणारं मंत्रालय वेगळं. आणि टर्मिनल कितीही मोठं केलं तरी रनवे तोच एक, तो वाढवायचा तर जमीन राज्याने घ्यायची, परवानगी संरक्षण खात्याने द्यायची, पैसे तिसऱ्याने. पुरंदरच्या नव्या एअरपोर्टची गोष्ट इतकी वर्षं पुन्हा पुन्हा निघते ती म्हणूनच, पुण्याला स्वतःच्या मालकीचा रनवे हवाय.

गोव्यात दाबोळीला हेच नौदलाच्या बाबतीत. आयएनएस हंसाचा तळ असल्यामुळे आठवड्यातल्या दिवशी सकाळच्या वेळा ट्रेनिंगसाठी राखून ठेवलेल्या असायच्या, म्हणून सिव्हिल फ्लाइट दुपारी आणि रात्री गर्दी करायच्या. मोपा 5 जानेवारी 2023 ला चालू झालं तेव्हा गोव्याला पहिल्यांदा चोवीस तास मोकळा रनवे मिळाला. श्रीनगर, लेह, चंदीगड, बागडोगरा, जोधपूर, विशाखापट्टणम, हे सगळे पण असेच.

आणि नाशिक? ओझर कुणाचं?

एचएएलचं. तिथे मिग बनले, सुखोई बनले, त्यामुळे लढाऊ विमानाला लागतो तसा दमदार रनवे नाशिककरांना आयता मिळालाय, जो कित्येक जिल्ह्यांना स्वप्नात पण मिळणार नाही. टर्मिनल राज्य सरकारने बांधलं आणि एचएएलकडे चालवायला दिलं. रनवेची कमतरता नाही, कमतरता आहे ती टिकणाऱ्या फ्लाइट्सची.

हे 4सी, 4ई, 2सी काय असतं?

इकाओचा, म्हणजे जगभरच्या विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा कोड. आकडा 1 ते 4, विमानाला उडायला किती लांबी लागते त्यावर, 4 म्हणजे 1800 मीटर किंवा जास्त. अक्षर ए ते एफ, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या रुंदीवर. सी म्हणजे 24 ते 36 मीटर, ह्यात पंख्यांचं छोटं एटीआर-72 पण येतं (27 मीटर) आणि ए320 पण येतं. ई म्हणजे 52 ते 65, बोइंग 777 सारखी. एफ म्हणजे ए380, जवळजवळ 80 मीटर. पंखांची रुंदी एवढी महत्त्वाची कारण टॅक्सीवे आणि पार्किंगच्या दोन लाइनमधलं अंतर त्यावरून ठरतं. रनवे लांब आहे पण टॅक्सीवेच्या बाजूला भिंत जवळ आहे, तर मोठं विमान येणार नाही, संपला विषय.

अमरावतीच्या बेलोऱ्याचा रनवे 1850 मीटर. तिथे एप्रिल 2025 पासून एटीआर येतं, आरामात येतं. पण "इंडिगोचं मोठं विमान का नाही" विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवा, उन्हाळ्यात 44-45 डिग्रीला हवा विरळ होते, इंजिनचा जोर कमी पडतो आणि भरलेल्या ए320 ला तेवढ्यात उठायचं म्हणजे प्रवासी नाहीतर इंधन कमी करावं लागतं. विदर्भात रनवेची लांबी ठरवताना मे महिना डोळ्यासमोर ठेवावा लागतो, डिसेंबर नाही.

फायर कॅटेगरी काय भानगड आहे?

माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. विमानाची लांबी आणि त्याच्या धडाची (पंखांची नाही) रुंदी यावरून 1 ते 10 कॅटेगरी ठरते. एटीआर-72 ला 5 लागते, ए320 ला 6, ए321 ला 7, 777-300 ला 9, ए380 ला 10. कॅटेगरी वाढली की फोम किती लिटर, पाणी किती, गाड्या किती, माणसं किती, सगळं वाढतं. आणि नियम असा की सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिल्या गाडीने रनवेच्या कुठल्याही टोकाला पोचून फोम मारायला सुरुवात केली पाहिजे.

म्हणजे त्या गाड्या गॅरेजमध्ये उभ्या ठेवून चालत नाही. फायर स्टेशन रनवे दिसेल अशा जागी असतं, दरवाजे रनवेच्या बाजूला उघडतात, ड्युटीवरची माणसं हाताला येईल अशी चमकदार सूट आणि बूट लावून ठेवतात, बुटात पँट आधीच खोचलेली, पाय घातला की वर ओढायची. इंजिन रोज चालू करून बघायचं, फोमचा जेट मारून बघायचा. एक गाडी बिघडली आणि बदली नसेल तर कॅटेगरी खाली येते, तसं नोटॅम, म्हणजे पायलटांसाठीची सूचना, निघतं आणि त्यापेक्षा मोठं विमान त्या दिवशी उतरू शकत नाही. दिवसात एकच फ्लाइट येणारं एअरपोर्ट असलं तरी ही माणसं, ही गाडी, हा फोम पूर्ण वेळ पगारावर. छोटं एअरपोर्ट तोट्यात का जातं याचं अर्धं उत्तर इथे आहे.

नाइट लँडिंग नाही म्हणजे काय नाही?

फक्त लाइट नाहीत असं लोकांना वाटतं. लाइट तर लागतातच, रनवेच्या कडेचे, टोकाचे, उतरण्याचा कोन दाखवणारे 'पापी' (PAPI) लाइट. पण त्यासोबत आजूबाजूच्या टेकड्या, मोबाइल टॉवर, कारखान्यांची धुराडी यांच्यावर लाल दिवे, सर्व्हे, दुसऱ्या शिफ्टचा स्टाफ, आणि मग डीजीसीएची तपासणी. कित्येक छोटी एअरपोर्ट व्हीएफआर लायसन्सवर चालतात, म्हणजे पायलटने डोळ्याने बघून उतरायचं, साधारण 5 किलोमीटर व्हिजिबिलिटी पाहिजे. पावसाळ्यात कोकणात, थंडीत विदर्भात ती मिळत नाही आणि फ्लाइट कॅन्सल होते, मग लोक एअरलाइनला शिव्या देतात. आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या मदतीने उतरायचं लायसन्स मिळालं, आयएलएस (रेडिओ सिग्नलने विमानाला रनवेपर्यंत आणणारी यंत्रणा) बसलं की ही कॅन्सलेशन बरीच कमी होतात. दिल्लीला आयएलएसची वरची पायरी, कॅट-3बी, आहे म्हणून तिथे दाट धुक्यात पण विमानं उतरतात, अर्थात विमान आणि पायलट दोघंही त्यासाठी क्वालिफाइड असले तर.

मुंबई एअरपोर्ट अदानीने विकत घेतलं का?

नाही. जमीन विकलेली नाही, भाड्याने दिलीये. 2006 मध्ये दिल्ली आणि मुंबई खासगी कंपन्यांना चालवायला दिली, दिल्ली जीएमआरला आणि मुंबई जीव्हीकेला, 30 वर्षांसाठी, पुढे अजून 30 वर्षं वाढवायची सोय ठेवून. दोन्हीकडे एएआयची 26 टक्के भागीदारी. आणि कंपनीने एकूण उत्पन्नातला हिस्सा दरवर्षी एएआयला द्यायचा, दिल्लीत 45.99 टक्के, मुंबईत 38.7 टक्के. लक्षात घ्या, नफ्यातला नाही, उत्पन्नातला. जुलै 2021 मध्ये जीव्हीकेचा हिस्सा अदानीकडे गेला, आता 74 टक्के त्यांचे.

2019 ला जी सहा एअरपोर्ट दिली (अहमदाबाद, लखनौ, मंगळुरू, जयपूर, गुवाहाटी, तिरुअनंतपुरम) तिथे पद्धत बदलली. करार 50 वर्षांचा आणि बोली उत्पन्नाच्या टक्क्यावर नाही तर दर प्रवाशामागे एएआयला किती रुपये देणार यावर. अहमदाबादला 177, तिरुअनंतपुरमला 168, मंगळुरूला 115. सहाच्या सहा ठिकाणी अदानीचीच बोली सगळ्यात वरची होती. मला स्वतःला ही दुसरी पद्धत सरळ वाटते, कारण प्रवासी मोजता येतात, उत्पन्न कशाला धरायचं यावर कोर्टबाजी होत नाही. पण सहाही एकाच ग्रुपला जाऊ द्यायला नको होती, आणि वर मुंबई पण, हे पण मी ठामपणे म्हणतो. एअरपोर्टला प्रवाशाला पर्याय नसतो, मग निदान चालवणारे तरी वेगवेगळे असावेत, म्हणजे तुलना करता येते.

मुंबईला दोन रनवे आहेत ना, मग एवढी रांग का?

दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, 09/27 आणि 14/32. एकावर विमान असताना दुसरा वापरता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात एकच. तरीही डिसेंबर 2018 मध्ये एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा त्याच एका रनवेवर झालीये, आणि ते टॉवरमधल्या माणसांचं कौशल्य आहे. पावसाळ्याआधी एक दिवस सहा तास दोन्ही रनवे बंद ठेवून डांबर, लाइट, टायरचा चिकटलेला रबर असं सगळं काम उरकतात. महिनोन्महिने आधी सांगितलेलं असतं, तरी त्या दिवशी लोक चिडतातच.

नवी मुंबई मग कुणाचं?

74 टक्के अदानी, 26 टक्के सिडको. एएआय इथे थेट मालक नाही, टॉवर मात्र त्यांचा. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन, 25 डिसेंबर 2025 पासून फ्लाइट, पहिल्या टप्प्यात वर्षाला 2 कोटी प्रवाशांची सोय. याआधी उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. त्या गावांना जमिनीच्या बदल्यात 22.5 टक्के विकसित जमीन द्यायचं ठरलं, आणि हा विकसित जमिनीचा हिस्सा मागायचा हक्कच मुळात प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनातून आलाय. त्यामुळे तिथे दि. बां.चं नाव हवं ही मागणी भावनेची होती असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही, ती हिशोबाची होती.

जवळ जवळ दोन एअरपोर्ट चालतात का? 150 किलोमीटरचा नियम आहे ना?

2008 च्या ग्रीनफिल्ड, म्हणजे कोऱ्या जागेवरच्या नव्या एअरपोर्टच्या, धोरणात आहे. आधीच्या सिव्हिल एअरपोर्टपासून 150 किलोमीटरच्या आत नवीन काढायचं तर केंद्र सरकार प्रत्येक केस वेगळी तपासतं. बंदी नाही, तपासणी आहे. मोपा आणि नवी मुंबई दोन्ही यात बसवूनच झाली. बेंगळुरू आणि हैदराबादला 2008 मध्ये मात्र नवीन चालू होताच जुनी एअरपोर्ट शेड्यूल्ड फ्लाइटला बंद केली होती, तसा करारच होता.

पूर्ण खासगी एअरपोर्ट चालू शकतं का?

पूर्ण खासगी नाही, पण जवळचं उदाहरण म्हणून कोचीन बघा. 1999 ला सुरू झालं, केरळ सरकार आणि हजारो शेअरहोल्डर, त्यात गल्फमध्ये काम करणारे मल्याळी खूप, त्यांनी पैसे घातले. 2015 पासून पूर्ण सौर ऊर्जेवर. अ‍ॅम्बी व्हॅलीसारख्या खासगी धावपट्ट्या हा वेगळा विषय, तिथे तिकीट काढून जाता येत नाही.

तिकिटावर यूडीएफ, एएसएफ लावतात ते कुणाला जातं?

एएसएफ सिक्युरिटीसाठी, एप्रिल 2021 पासून डोमेस्टिकला 200 रुपये आणि इंटरनॅशनलला 12 डॉलर, देशभर सारखी. यूडीएफ एअरपोर्ट चालवणाऱ्याला जाते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी. वर्षाला 35 लाखांच्या वर प्रवासी असले तर ते मेजर एअरपोर्ट आणि तिथली यूडीएफ एरा ठरवतं, पाच-पाच वर्षांसाठी. ही मर्यादा 2019 पर्यंत 15 लाख होती. ठरवताना दुकानं, पार्किंग, जाहिराती यातून आलेल्या पैशातला 30 टक्के हिस्सा प्रवाशाचे दर कमी करायला धरतात, बाकी 70 टक्के कंपनीचा.

एराचा मसुदा आला की कोणीही हरकत पाठवू शकतं, सामान्य प्रवासी पण. पाठवतात फक्त एअरलाइन आणि कंपन्या. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी तिथे नियमित जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

उडानमध्ये आलेल्या फ्लाइट बंद का पडतात?

योजना 2016 ची, पहिली फ्लाइट एप्रिल 2017 मध्ये शिमल्याहून दिल्लीला. कल्पना अशी की छोट्या शहरांच्या फ्लाइटमधल्या निम्म्या सीट साधारण तासाच्या प्रवासाला अडीच हजारात विकायची, एअरलाइनचा तोटा सरकार तीन वर्षं भरून देणार, त्यातले 80 टक्के केंद्राकडून आणि 20 टक्के राज्याकडून. केंद्राचा हिस्सा मोठ्या मार्गांवरच्या फ्लाइटवर लेव्ही लावून जमवतात, म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा माणूस नांदेडच्या प्रवाशाला हातभार लावतो. मला ही गोष्ट आवडते.

पण आपल्याकडे झालं काय, ज्या छोट्या कंपन्यांनी रूट घेतले त्यांच्याकडे विमानंच दोन-चार. एक बिघडलं की आठवडाभर रूट बंद. ट्रूजेटने नांदेड, कोल्हापूर, जळगाव चांगलं चालवलं होतं, 2022 मध्ये कंपनीच थांबली आणि तिन्ही शहरांना फटका बसला. दुसरं म्हणजे मुंबईचे स्लॉट. जळगावच्या माणसाला सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत यायचंय, आणि स्लॉट मिळायचा भलत्याच वेळी. मग कोण बसणार? तिसरं, तीन वर्षं संपली की आधार जातो. चिपीचं उद्घाटन ऑक्टोबर 2021 मध्ये, मुदत संपली 2024 मध्ये, आणि मुंबईची फ्लाइट थांबली. कोकणातल्या माणसाने गणपतीला विमानाने जायची सवय नुकती लावून घेतली होती. आता नवी मुंबईत स्लॉट आहेत, तर राज्याने त्यातले सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट राज्यातल्या फ्लाइट्ससाठी राखून घ्यावेत, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी, एकदा भरले की गेले.

एअरपोर्टचं नाव कोण बदलतं?

राज्याच्या विधिमंडळाने ठराव करायचा, तो केंद्राकडे जातो, शेवटचा निर्णय केंद्रीय कॅबिनेटचा.

आमची बिल्डिंग एअरपोर्टजवळ आहे, मजले का वाढू देत नाहीत?

उंचीची एनओसी. 2015 चे नियम आहेत, मोठ्या एअरपोर्टभोवती साधारण 20 किलोमीटरपर्यंत लागू होतात. कलर कोडेड नकाशे केलेत, कुठल्या रंगात किती उंचीपर्यंत महापालिका परस्पर परवानगी देऊ शकते आणि कुठे एएआयकडेच जावं लागतं ते त्यात दिसतं. अर्ज ऑनलाइन होतो. उंची जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजतात, म्हणून घाटकोपरला टेकडीवरच्या सोसायटीला खालच्या सोसायटीपेक्षा कमी मजले मिळतात. लोहगावच्या आसपास एनओसी हवाई दलाची. फ्लॅट बुक करताना बिल्डरकडे ही एनओसी मागून त्यावरचा आकडा स्वतः वाचा, कारण वाढलेले मजले पाडायची वेळ आली तर नुकसान तुमचंच.

तक्रार करायची तर कुठे?

एअरसेवा पोर्टल किंवा अ‍ॅपवर, तिथे एअरलाइन, एअरपोर्ट, सिक्युरिटी, कस्टम्स, इमिग्रेशन असं वेगळं निवडता येतं. चुकीचं खातं निवडलं की तक्रार फिरत राहते, म्हणून वर एवढं सांगितलं. बॅग तुटली तर एअरलाइन. ट्रॉली नाही, टॉयलेट घाण, पाणी नाही तर एअरपोर्ट चालवणारा. झडतीत कुणी उद्धट वागलं तर सीआयएसएफ. पीएनआर, वेळ, गेट नंबर लिहा, रागाचा निबंध नको.

आमच्या जिल्ह्यात एअरपोर्ट बंद पडलंय, खासदारांकडे नेमकं काय मागू?

"इंटरनॅशनल करा" हे मागू नका. ह्या क्रमाने विचारा. लायसन्स चालू आहे का आणि कुठल्या कोडचं? व्हीएफआर की आयएफआर? फायर कॅटेगरी आत्ता किती आहे, गाडी चालू आहे का, माणसं कायमची की दुसऱ्या एअरपोर्टहून उसनी? नाइट लँडिंगसाठी काय राहिलंय, आणि त्या टेकडीवरच्या दिव्याचं वीजबिल कोण भरणार? सिक्युरिटीला पोलीस किती मंजूर आहेत? विमानाच्या इंधनावरचा व्हॅट त्या एअरपोर्टसाठी किती टक्के, हा राज्याच्या हातातला विषय आहे आणि एअरलाइनला खर्चात सगळ्यात जास्त टोचतो तो इंधनाचाच. शेवटी, मुंबई-पुण्यात सकाळचा स्लॉट मिळेल का. हे सात प्रश्न लेखी द्या, लेखी उत्तर मागा, आणि सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन परत जा.